कॅराव्हॅन धुरजड हवी, उलाळ नको

वाचक विचारतात

मे महिना उजाडला की या सदराच्या टपालात कॅराव्हॅनचा विषय हमखास निघतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता हॉटेलऐवजी स्वतःचे फिरते घर गाडीमागे जोडून कॉर्नवॉल किंवा स्कॉटलंड गाठू लागली आहेत, आणि या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: कोणती गाडी कोणती कॅराव्हॅन ओढू शकते, आणि ते ठरवायचे कसे. म्हणून हे सदर या एका विषयालाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही चौघे आहोत. आमच्या डिझेल एस्टेट गाडीचे वजन नोंदणीपत्रावर १,५२० किलो दिले आहे. बॉनेटखालच्या पाटीवर २,०५० आणि ३,५५० असे दोन मोठे आकडे आहेत. आम्ही पाहून ठेवलेल्या चार बिछान्यांच्या कॅराव्हॅनचे रिकामे वजन १,१९० किलो आणि कमाल वजन १,३४५ किलो आहे. विक्रेता म्हणतो की डिझेल गाडी ती सहज ओढेल. कार्यालयातील एक इंग्रज सहकारी म्हणतो की ८५ टक्क्यांच्या वर जाणे बेकायदा आहे. खरे कोणाचे मानावे? गाडीच्या पुस्तिकेत टोबारवरील (गाडीमागे बसवलेल्या ओढदांड्यावरील) भाराची मर्यादा ७५ किलो दिली आहे, तिचा अर्थही सांगावा. (मिल्टन कीन्स)

उत्तर : दोघांचेही अर्धेच खरे आहे, आणि आपण शेवटी जाता जाता विचारलेली गोष्टच या व्यवहारात सर्वांत महत्त्वाची आहे.

विक्रेत्याचा मुद्दा आधी निकालात काढू. डिझेल इंजिनाचा जोर चांगला असतो आणि आपली गाडी ही कॅराव्हॅन ओढेल, यात शंका नाही. मात्र ओढणे ही एक गोष्ट झाली आणि उतारावर, आडव्या वाऱ्यात किंवा अचानक लेन बदलावी लागली तर मागच्या सव्वा टनाला आवरणे ही दुसरी. आवरण्याचे काम इंजिनाच्या जोरावर होत नाही. ते गाडीचे स्वतःचे वजन, तिची चाके आणि मागच्या भाराची मांडणी यांवर ठरते.

सहकाऱ्याने सांगितलेले ८५ टक्के कायद्यात कोठेही नाहीत. कॅराव्हॅनचे भरलेले वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठेवावे, असा सल्ला येथील कॅराव्हॅन क्लब नवख्या चालकांना देतात, आणि हात बसल्यावरही शंभर टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असे सांगतात. आपल्या गाडीचे ८५ टक्के म्हणजे १,२९२ किलो होतात. ही कॅराव्हॅन काठोकाठ भरली तर प्रमाण साडेअठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर जाते. म्हणजे सल्ल्याची रेघ थोडीशी ओलांडली जाते, गुन्हा घडत नाही. येथे एक सावधगिरी बाळगावी. नोंदणीपत्राच्या ‘जी’ रकान्यातील वजनात बहुधा चालकाचे ७५ किलो धरलेले असतात. माहितीपत्रकातील कर्बवेटमध्ये, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनात, ते कधी असतात, कधी नसतात. टक्केवारी काढताना हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत.

कायदा पाहतो तो पाटीकडे. बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीत बसवलेल्या त्या पाटीवर सहसा चार आकडे एकाखाली एक असतात. पहिला आकडा माणसे व सामान भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाचा, दुसरा गाडी आणि कॅराव्हॅन मिळून होणाऱ्या कमाल वजनाचा, आणि खालचे दोन पुढच्या व मागच्या एक्सलचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी पूर्ण भरलेली असताना मागे किती ओढता येईल ते कळते. आपल्या बाबतीत ३,५५० उणे २,०५० म्हणजे १,५०० किलो. नोंदणीपत्राच्या ‘ओ-१’ रकान्यात ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा दिलेली असते, तीही ताडून पाहावी, आणि दोन्हींत जी कमी ती आपली मर्यादा समजावी. १,३४५ किलोंची कॅराव्हॅन या हिशेबात आरामात बसते. मात्र ही मर्यादा कशी ठरते तेही माहीत असू द्या. युरोपीय नियमानुसार भरलेली गाडी ट्रेलरसह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघू शकली पाहिजे. म्हणजे ती चढाची कसोटी आहे. साठ मैलांच्या वेगाने उतार उतरताना कॅराव्हॅन सरळ राहील की नाही, याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

आता त्या ७५ किलोंकडे येऊ. कॅराव्हॅनचे पुढचे टोक टोबॉलवर, म्हणजे टोबारच्या टोकावरील गोळ्यावर, जितका भार टाकते त्याला नोजवेट म्हणतात. ज्यांनी लहानपणी गावाकडे बैलगाडी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेची पकड सुटते. भार पुढे जास्त झाला की ती धुरजड होते आणि बैल दबतात. जाणता गाडीवान पोती अशी रचतो की गाडी किंचित धुरजड राहावी. कॅराव्हॅनचे शास्त्र यापेक्षा वेगळे नाही. नोजवेट कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावे, असा ब्रिटनमधील दंडक आहे. आपल्या कॅराव्हॅनसाठी तो आकडा ६७ ते ९४ किलो येतो, आणि आपल्या गाडीची मर्यादा ७५ आहे. म्हणजे आपल्याला मिळणारी मोकळीक ६७ ते ७५ एवढीच, अवघ्या आठ किलोंची. पुढच्या लॉकरमधील गॅसची टाकी नवी आहे की संपत आलेली, एवढ्यानेही हा तोल बदलतो. मला ८५ टक्क्यांपेक्षा ही चिंता मोठी वाटते.

दुसरी अडचण सामानाची. १,३४५ मधून १,१९० गेले की १५५ किलो उरतात आणि तेवढे पुष्कळ वाटतात. कागद घेऊन बसा. कॅराव्हॅन जागेवर हलवण्याचा विजेचा मूव्हर ३५, बॅटरी २५, दारापुढचे ऑनिंग (कापडी छत) खांबांसह ३०, टेबल-खुर्च्या १८, चौघांची अंथरुणे-पांघरुणे १५, कुकर धरून भांडीकुंडी २०, शिधा २०. बेरीज १६३ झाली आणि अजून कपडे घेतलेले नाहीत. मूव्हर व बॅटरी हे मागाहून बसवलेले असल्यास ते बहुतेक वेळा रिकाम्या वजनात धरलेले नसतात, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. पाण्याची चाळीस लिटरची टाकी प्रवासात रिकामीच ठेवावी, कारण ती म्हणजे सरळ चाळीस किलो. ऑनिंग आणि टेबल-खुर्च्या गाडीच्या डिकीत न्याव्यात. गाडीला अद्याप वाव आहे; मात्र नोजवेट हा गाडीच्याच सामानात मोजला जातो आणि तो मागच्या एक्सलच्याही मागे लटकत असल्यामुळे त्या एक्सलवर ७५ किलोंपेक्षा थोडा अधिकच भार येतो, म्हणून पाटीवरचा चौथा आकडाही पाहावा.

नोजवेट मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सपाट जागी कॅराव्हॅन सामानासह उभी करा, चाकांना पाचर लावा, स्नानगृहातला वजनकाटा फळीवर ठेवा आणि त्यावर लाकडाचा असा ठोकळा उभा करा की हिच (कॅराव्हॅनची टोबॉलवर बसणारी पकड) त्यावर टेकल्यावर ती टोबॉलच्याच उंचीला, साधारण जमिनीपासून ३५ ते ४२ सेंटिमीटरवर राहील. पुढचे जॉकी चाक हळूहळू वर घेतले की काट्यावर आकडा दिसतो. पूर्ण वजनासाठी मात्र एकदा सार्वजनिक वजनकाटा गाठावाच. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढते तशी कॅराव्हॅन चढवायची. थोड्या शुल्कात छापील पावती मिळते. मी आजवर ज्यांना काट्यावर पाठवले त्यांतले बहुतेक जण परतताना गप्प होते.

माझे मत विचाराल तर ही आपली पहिलीच कॅराव्हॅन असल्यामुळे कमाल वजन १,२५० किलोंच्या आसपास असलेली शोधावी. मग प्रमाण ८२ टक्क्यांवर येते आणि नोजवेटसाठी ६२ ते ७५ असा तेरा किलोंचा पट्टा मिळतो. हीच घ्यायची असेल तर घेता येईल, पण दर प्रवासापूर्वी तोल मोजण्याची शिस्त लागेल.

प्रश्न : एम-६२ वरून परतताना उतारावर आमचा वेग ५८ मैल होता. शेजारून लांब पल्ल्याची बस पुढे गेली आणि कॅराव्हॅन डावीकडे-उजवीकडे झुलू लागली. मी घाबरून ब्रेक दाबला तेव्हा झुलणे आणखी वाढले. नशिबाने चढ लागला आणि ती शांत झाली. आमचे वजनाचे प्रमाण ७९ टक्केच आहे. दोन सायकली मागच्या स्नानगृहात उभ्या केल्या होत्या. चूक कोठे झाली? (लीड्स)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्यात उत्तर आहे. ७९ टक्क्यांनी आपल्याला निर्धास्त केले आणि सायकलींनी घात केला.

बस मागून येते तेव्हा तिच्यापुढे दाबली गेलेली हवा आधी कॅराव्हॅनच्या मागच्या भागाला ढकलते आणि बस पुढे सरकू लागली की तीच बाजू आत ओढली जाते. असा धक्का प्रत्येक कॅराव्हॅनला बसतो. प्रश्न असतो तो धक्क्यानंतरच्या दोनतीन सेकंदांचा. चांगली रचलेली कॅराव्हॅन एकदा डुलते आणि स्थिर होते. वेग वाढत गेला की ही आपोआप स्थिर होण्याची ताकद कमी होत जाते, आणि एका ठरावीक वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो आणि सामानाच्या मांडणीने तो खाली येतो. आपला त्या दिवशी ५८ मैलांच्या जवळपास होता.

समजा दोन सायकलींचे वजन तीस किलो आहे आणि त्या एक्सलपासून तीन मीटर मागे आहेत. झुलण्याला मिळणारे बळ वजनाच्या पटीत वाढते, पण अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्याच सायकली एक्सलपासून अर्ध्या मीटरवर, मधल्या जागेत आडव्या बांधल्या असत्या तर त्यांचा हा परिणाम छत्तीस पटींनी कमी झाला असता. वजन तेच, कॅराव्हॅन तीच, टक्केवारी तीच. शिवाय दुसरा तोटाही झाला. हिच एक्सलच्या चार मीटर पुढे आहे असे धरले तर मागच्या तीस किलोंनी नोजवेट साडेबावीस किलोंनी हलके केले. घरून निघताना ७० किलो असेल तर ते ४७ वर आले असणार. आपली कॅराव्हॅन उलाळ झाली होती.

सायकली गाडीच्या छतावर न्याव्यात, किंवा कॅराव्हॅनमध्येच न्यायच्या तर एक्सलवर, जमिनीलगत आणि पक्क्या बांधून. हाच नियम सर्व जड सामानाला: ऑनिंगची पिशवी, डबे, अवजारे एक्सलच्या वर आणि तळाला, मध्यम वजनाचे त्याच्या थोडे पुढे-मागे, डोक्यावरच्या कपाटांत फक्त कपडे, टॉवेल, कागदी ताटे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या वर्षी आमच्या घरून निघताना तांदळाच्या दहा किलोंच्या दोन गोण्या मागच्या पलंगाखाली सरकवल्या होत्या, कारण तेथे जागा होती. जागा आहे म्हणून तेथे वजन ठेवायचे नसते, हे मला पहिल्याच मोठ्या उतारावर समजले. तो प्रवास मी पुढे चाळीस मैलांच्या वेगाने पूर्ण केला.

झुलणे सुरू झाले तर काय करावे, याचे उत्तर ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये स्पष्ट आहे: अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा आणि वेग सावकाश उतरू द्यावा. स्टिअरिंग सरळ, घट्ट पण न अवघडता धरावे. प्रत्येक झोक्याला उलट वळवून उत्तर देण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण माणसाचा हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पडतो आणि झोक्याला आणखी रेटा देतो. जोरात ब्रेक दाबला तर गाडीची चाके थांबू पाहतात आणि मागची कॅराव्हॅन तिला पुढे ढकलते. आपण ते अनुभवलेच आहे. वेग वाढवून गाडी ताणून सरळ करावी, असा सल्ला काही जुने चालक देतात. तो मानू नये; झोका थांबला नाही तर आपण अधिक वेगात असतो एवढेच होते.

स्टॅबिलायझर, म्हणजे झोके जिरवणारे उपकरण, बसवलेला नसेल तर बसवावा. काही कॅराव्हॅनवर झोका ओळखून स्वतः ब्रेक लावणारी विद्युत यंत्रणाही असते आणि तिने अनेकांना वाचवले असेल, पण चुकीच्या मांडणीवर ती उपाय नाही. यंत्रणा मध्येमध्ये जागी होत असेल तर तिचे आभार मानून सामान पुन्हा रचावे. वेगमर्यादा आपण पाळलीच होती: कॅराव्हॅन जोडलेल्या गाडीला मोटरवे व दुभाजक असलेल्या रस्त्यांवर ६० मैल आणि इतर मोकळ्या रस्त्यांवर ५० मैल. उतार लागण्याआधीच पन्नासपर्यंत यावे.

प्रश्न : टोबॉलला ग्रीस लावावे की नाही? माझे सासरे लावा म्हणतात, कॅराव्हॅनचा पूर्वीचा मालक लावू नका म्हणाला. (कार्डिफ)

उत्तर : सासऱ्यांच्या काळात ते बरोबर होते. साध्या हिचला ग्रीस लागते. आता बहुतेक कॅराव्हॅनच्या हिचमध्येच स्टॅबिलायझर असतो. त्यातील घर्षणाच्या पट्ट्या टोबॉलला घट्ट चिमटीत धरतात आणि त्या घर्षणावरच झोके जिरतात. तेथे ग्रीस लावणे म्हणजे ब्रेकला तेल लावणे होय. नवा टोबॉल काळ्या रंगाचा असेल तर तो रंगही पॉलिश पेपरने घासून काढावा, ब्रेक क्लीनरने पुसावा आणि चकचकीत धातू दिसल्यावरच हिच बसवावी. वळणावर कर्रकर्र आवाज येऊ लागला तर पट्ट्यांना मळ लागला आहे किंवा त्या झिजल्या आहेत असे समजावे. अशा हिचला लांब मानेचा टोबॉल लागतो, हेही तपासावे.

ग्रीसपेक्षा ब्रेकअवे केबलकडे लक्ष द्यावे. कॅराव्हॅन सुटलीच तर ती बारीक तार कॅराव्हॅनचा हँडब्रेक ओढते आणि मगच तुटते. ती टोबारच्या पक्क्या कडीतच अडकवावी. निघू शकणाऱ्या टोबॉलच्या मानेभोवती नुसता फास टाकला असेल, तर टोबॉलच निघून आला की तारही त्याच्याबरोबर जाते आणि ब्रेक लागत नाही.

प्रश्न : मी २००९ मध्ये येथे कारची परीक्षा दिली. तेव्हा मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा लागते असे सांगितले होते. अजून लागते का? (स्लाव)

उत्तर : नाही. १ जानेवारी १९९७ पासून कारची परीक्षा देणाऱ्यांवर ते बंधन होते. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये साध्या कार परवान्यावर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. परीक्षा गेली तरी मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावे लागते ते काही गेलेले नाही, म्हणून क्लबांचे एका दिवसाचे प्रशिक्षण जरूर घ्यावे. कॅराव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर लांब दांड्यांचे जादा आरसे कायद्याने लागतात. तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर अगदी उजवी लेन वापरता येत नाही.

प्रश्न : आम्ही विजेची गाडी घेणार आहोत. ती वजनाने जवळजवळ दोन टन आहे, म्हणजे १,७०० किलोंची कॅराव्हॅन ८५ टक्क्यांत बसेल ना? (रेडिंग)

उत्तर : टक्केवारीच्या मागे लागल्याने कशी फसगत होते याचे हे चांगले उदाहरण आहे. विजेच्या गाडीचे वजन बॅटरीमुळे मोठे असते, त्यामुळे ८५ टक्क्यांचा हिशेब उदार उत्तर देतो. ओढण्याची मर्यादा मात्र निर्माता वेगळी ठरवतो आणि ती बरेचदा त्याहून कमी असते. टेस्लाच्या मॉडेल वायचे वजन दोन हजार किलोंच्या जवळपास आहे आणि तिची मर्यादा १,६०० किलो आहे. तेथे १,७०० किलोंची कॅराव्हॅन जोडणे बेकायदा ठरेल, टक्केवारी काहीही सांगो. काही विजेच्या गाड्यांना तर ट्रेलर ओढण्याची मान्यताच नसते. त्यांना बसवलेला टोबार केवळ सायकलींचे स्टँड लावण्यासाठी असतो, आणि दुकानदाराला हा फरक नेहमीच माहीत असतो असे नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी पाटीवरचा दुसरा आकडा आणि टोबारवरील भाराची मर्यादा या दोन गोष्टी लेखी मागाव्यात.

वजनदार गाडी, खाली बसवलेली बॅटरी आणि चढावरचा मोटरचा सहज जोर यांमुळे मान्यता असलेली विजेची गाडी कॅराव्हॅनपुढे फार स्थिर चालते, हे मान्य केले पाहिजे. अडचण अंतराची आहे. कॅराव्हॅन जोडल्यावर एका चार्जवर जाणारे अंतर साधारण निम्म्यावर येते असे धरून चालावे, कारण वजनापेक्षा तिच्या उभ्या तोंडाला लागणारी हवाच जास्त वीज खाते. शिवाय बहुतेक चार्जिंगच्या जागा एकट्या गाडीसाठी आखलेल्या असतात. कॅराव्हॅन सोडून बाजूला लावायची, चार्ज करायचे, पुन्हा जोडायची. लहान मुले मागे झोपलेली असताना पावसात हे दोनदा करावे लागले की कॉर्नवॉल फार लांब वाटू लागते.

प्रश्न : येथे ऑस्ट्रेलियात सगळे नोजवेट दहा टक्के हवे म्हणतात. आपण पाच ते सात सांगता. शिवाय माझ्या यूटची (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीची) ओढण्याची क्षमता ३,५०० किलो असल्यामुळे ३,३०० किलोंची कॅराव्हॅन घ्यायला हरकत नसावी. यूटचे कर्बवेट २,३००, कमाल वजन ३,२०० आणि जोडीचे कमाल वजन ६,००० किलो आहे. (मेलबर्न)

उत्तर : दोन्ही देशांचे दंडक आपापल्या जागी योग्य आहेत. युरोपातील कॅराव्हॅन हलक्या, तुलनेने आखूड आणि हिच बहुधा शंभर किलोंच्या मर्यादेच्या. ऑस्ट्रेलियातील कॅराव्हॅन जाड चासीच्या, लांब, पुढच्या दांड्यांवर गॅस व पेटी, मागे जादा चाके आणि पोटात पाण्याच्या टाक्या घेऊन हजारो किलोमीटर चालणाऱ्या. टोकांना एवढे वजन असल्यावर त्यांना अधिक धुरजड ठेवावे लागते. म्हणून तेथे दहा टक्केच धरावेत.

आता आपला हिशेब. तेथे ‘एटीएम’ म्हणजे पैशांचे यंत्र नव्हे, तर सामानासह सुट्या उभ्या कॅराव्हॅनचे कमाल वजन. ते ३,३०० किलो आहे. जोडीच्या ६,००० मधून ते वजा केले की यूटसाठी २,७०० उरतात, आणि रिकामी यूटच २,३०० ची आहे. म्हणजे माणसे, टोबार, बुलबार (गाडीपुढचा संरक्षक कठडा), फ्रीज, अवजारे या सगळ्यांना मिळून ४०० किलो. चार माणसांचे २८० धरा, टोबार आणि बुलबारचे ९० धरा. शिल्लक तीस किलो. यूटचे स्वतःचे कमाल वजन ३,२०० आहे म्हणून आपण निर्धास्त असाल, पण जोडीची मर्यादा तिच्या आधीच आडवी येते. जाहिरातीतले ३,५०० पूर्ण वापरायचे ठरवले तर चौघांपैकी तिघांना घरी ठेवावे लागेल.

एवढे करूनही कॅराव्हॅन यूटच्या दीडपटीच्या जवळ जाते. तेथील कायदा त्याला परवानगी देतो. मी ती वापरणार नाही. भरलेले वजन अडीच हजार किलोंपर्यंत राहील अशी कॅराव्हॅन पाहावी. तेव्हाही दहा टक्क्यांप्रमाणे २५० किलो टोबॉलवर येतील आणि यूटचा मागचा भाग खाली बसून पुढची चाके हलकी होतील. भार विभागणारे स्प्रिंगचे हिच त्यातला काही भाग पुढच्या एक्सलकडे सरकवते, मात्र कोणतीही कमाल मर्यादा वाढवत नाही. ते यूटला चालते की नाही हे पुस्तिकेत पाहावे. दोन टनांवरील कॅराव्हॅनच्या सर्व चाकांना ब्रेक असणे तेथे सक्तीचे आहे. जुनी घेत असाल तर प्रत्येक ब्रेक चालतो का, हे एकेक चाक फिरवून पाहावे.

प्रश्न : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. माझ्या एसयूव्हीला मागे हुक आहे. येथे एखादी लहान ओढती कॅराव्हॅन बनवून घेऊन कोकणात नेता येईल का? (पुणे)

उत्तर : बंपरवर मागाहून बसवलेला हुक आधी विसरून जावा. तो पत्र्याला धरून असतो, गाडीच्या सांगाड्याला नव्हे. गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मर्यादा शोधावी, आणि ती दिलेलीच नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी बनवलेली नाही असे समजावे. गॅरेजवाल्याचे ‘काही होत नाही साहेब’ हे त्या आकड्याला पर्याय नाही. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनची वेगळी नोंदणी नसते, तिच्या मागे गाडीचाच क्रमांक लावतात. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेच एक मोटार वाहन आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते आणि वर्कशॉपमध्ये लोखंड जोडून केलेल्या कॅराव्हॅनला ती मिळवणे सोपे नसते. घाटातील अरुंद वळणे आणि समोरून येणारी एसटी यांचा विचार करता, कोकणासाठी एकाच सांगाड्यावर बांधलेली मोटरकॅराव्हॅन भाड्याने घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. तीत जड सामान मागच्या चाकांच्या पुढेच ठेवावे.